शंभर टक्के बुरो

मावशींच्या बेकरीतली बिस्किटं पहिल्यांदाच परदेशी निघाली होती. खोक्यावर काय छापायचं, हे त्यांनी धाकट्या भावावर सोपवलं, कारण घरात परदेशी जाऊन आलेला तो एकटाच होता. त्या सहलीतला बराचसा वेळ त्यानं विमानतळावरच्या दुकानांत घालवला होता, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

"नुसतं 'लोणी' लिही की," मावशी म्हणाल्या. "घरचं लोणी घालतो आपण."

"ताई, लोणी म्हटलं की गिऱ्हाईक घासाघीस करतं. इटालियनमध्ये लोण्याला बुरो म्हणतात. बुरो म्हटलं की मुकाट्यानं पैसे काढतं."

खोक्यांवर सोनेरी अक्षरांत 'शंभर टक्के बुरो' छापलं गेलं.

माल मात्र स्पॅनिश बोलणाऱ्या व्यापाऱ्याकडे जायचा होता. निर्यात तपासणी कार्यालयातल्या साहेबांनी रीतसर स्पॅनिश शब्दकोश मागवला, चष्मा पुसला आणि मावशींना बोलावून घेतलं.

"बाई, यात गाढव आहे."

मावशींनी मागं वळून पाहिलं. दारात भाऊच उभा होता, त्यामुळे त्यांचा जरा गोंधळ झाला.

"बिस्किटात म्हणतोय मी," साहेब म्हणाले. "स्पॅनिशमध्ये बुरो म्हणजे गाढव. तेही शंभर टक्के. गाढवाचं आरोग्य प्रमाणपत्र जोडलेलं नाही."

"साहेब, गाढव नाहीच त्यात. लोणी आहे."

"म्हणजे खोक्यावर गाढव आणि आत लोणी. ही भेसळ झाली, बाई. प्रमाणपत्र आणताय की भेसळ कबूल करताय?"

भावाला राहवलं नाही. "साहेब, तुम्ही पोर्तुगीज तरी बघा."

साहेबांनी पोर्तुगीज पाहिलं. तिथंही गाढवच निघालं, शिवाय 'मूर्ख माणूस' असाही अर्थ निघाला. साहेब गंभीर झाले. "माणूस घातला असेल तर ते आमच्याकडे येत नाही. त्याचं खातं वेगळं."

प्रकरण भाषातज्ज्ञ बाईंकडे गेलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी काही विचारल्यामुळे त्या मोठ्या उत्साहानं आल्या. इटालियन शब्द ग्रीकमधून लॅटिनमार्गे आला, ग्रीकमध्ये तो 'गाय' आणि 'चीज' मिळून झाला होता; स्पॅनिश शब्दाच्या मुळाशी लहान घोड्याचं लॅटिन नाव आहे; तेव्हा या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, असं त्यांनी छान समजावून सांगितलं. साहेबांनी त्यातले फक्त प्राणी टिपून घेतले.

"गाढवावर भागत होतं," ते मावशींना म्हणाले. "आता गाय आणि घोडाही वाढले."

बेकरीला सील लागलं. कारागीर बाहेर ओट्यावर बसून राहिले. आत खोक्यांतली बिस्किटं मऊ पडत चालली, या विचारानं मावशींचा जीव खालीवर होत होता. तेवढ्यात जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी एका बिस्किटाला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि 'मृत' असा शेरा दिला.

"मृत्यूचं कारण?" साहेबांनी विचारलं.

"भट्टी," मावशी वैतागून म्हणाल्या.

हे त्यांनी बोलायला नको होतं. संध्याकाळच्या आत प्राणी संरक्षण विभागाची नोटीस आली. मुक्या जनावराला भाजल्याबद्दल.

मग मात्र मावशींनी पदर खोचला आणि थेट साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, मी प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी चिकटवते. 'यात गाढव नाही.' चालेल?"

साहेबांनी नियम उलटेपालटे करून पाहिले. गाढव नसल्याचं जाहीर करायला कुठंच मनाई नव्हती. उलट असं जाहीर करून घेण्याची तरतूदच नसल्याचं पाहून त्यांनाच हळहळ वाटली. सील निघालं. भावानं बोटांची सालं निघेपर्यंत चिठ्ठ्या चिकटवल्या. पण परदेशी व्यापाऱ्यानं माल नाकारला. ज्या बिस्किटाला असा खुलासा करावा लागतो ते आपण घेणार नाही, असं त्यानं कळवलं. मावशींनी सगळी खोकी गावातच विकायला काढली आणि कपाळाला हात लावून बसल्या.

ती खोकी दुपारपर्यंत संपली.

"तुमचं तरी खात्रीचं," एक गिऱ्हाईक कुजबुजलं. "समोरच्या बेकरीनं असं लिहिलेलं नाही. काय समजायचं ते समजा."

समोरच्या बेकरीवाल्यानं दुसऱ्याच दिवशी 'पूर्णपणे गाढवमुक्त' अशी पाटी लावली. पाठोपाठ पाववाल्यानं लावली, दूधवाल्यानं लावली, मग साबणवाल्यानंही. साहेबांनी गाढवमुक्तीचा शिक्का काढला, आणि त्यासाठी सकाळपासून रांगा लागू लागल्या. आता तिथली शहाणीसुरती माणसं पुडा उलटा करून तो शिक्का दिसल्याशिवाय काही विकत घेत नाहीत.

तुम्ही हसताय. हरकत नाही. पण परवा तुम्ही पाण्याची बाटली घेतलीत, तिच्यावर 'चरबीविरहित' असं लिहिलं होतं. शेजारची बाटली स्वस्त होती. ती तुम्ही का ठेवून दिलीत?