एका गोणीला एक माप जवळा

"आई, या मे महिन्यात आपल्या दोन खोल्या रिकाम्या राहिल्या, तर नावाची कल्पिता नाही!" तान्ह्या पूर्वीला कडेवर सावरत कल्पिताने सासूला बजावलं. थळच्या किनाऱ्यावरचं प्लास्टिक बघून पाहुणे गाडीतूनच माघारी वळत. किनारा स्वच्छ झाला, की मुक्काम कुणाकडे? अर्थात योजना काढणाऱ्याकडे!

योजना तशी जुन्या रिवाजाचीच. कोळणी सुकी मासळी देऊन तांदूळ आणायच्या, कल्पिता प्लास्टिक आणणार. एका गोणीला एक माप सुका जवळा!

"माझा पावसाळ्याचा जवळा हाय तो!" सासू नीराबाई कळवळली. "बोटी बंद झाल्यावर बाटल्यांचं कालवण करशील?"

"प्लास्टिक भंगारवाला घेईल ना, आई!"

पहिल्या दिवशी चार गोण्या आल्या. दुसऱ्या दिवशी चाळीस! तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर औषधालाही बाटली उरली नाही. मग शेजारच्या काशीने नवऱ्याची आंघोळीची बादली चेचून आणली. आणि चौथ्या दिवशी नागावहून चंदर टेम्पो भरून हजर!

"वैनी, अख्खा किनारा झाडून आनलाय. काढा माप!"

"अरे, हे थळपुरतंच होतं!"

"समुद्र तर एकच हाय ना?"

कल्पिताने मापाचा शब्द फिरवला असता, तर उद्या बाजारात तिची मासळीची पाटी उतरवायला कुणी हात लावला नसता. अंगण भरलं, ओटी भरली, शेवटी पाहुण्यांच्या दोन्ही खोल्या आढ्यापर्यंत भरल्या. तान्ही पूर्वी त्या ढिगाला टेकून अशी गाढ झोपायची, की तिला उचलताना कल्पिता श्वास रोखून धरायची.

भंगारवाला नाकाला रुमाल लावून म्हणाला, "खारं, वाळूचं. धुवून, वाळवून, निवडून ठेवा. मग बघू."

आणि शनिवारी पाहुणे आले! तीन गाड्या! "काय स्वच्छ किनारा!" म्हणत ते कल्पिताच्या दारात उतरले. हौसेच्या भरात गोण्या विसरून तिने खोली उघडली, तशी एक गोणी घरंगळत थेट त्यांच्या पायांवर! पाहुणे जे मागे सरले, ते काशीच्या ओटीवर जाऊन बसले.

रविवारी दुपारी काशी हसत आली. "कल्पे, पाहुन्यांनी जवळ्याची चटणी बोटं चाटून खाल्ली गो! तुझाच जवळा. संपला. आनखी दे."

"फुकट?"

"फुकट कशाला?" काशीने गोणी धपकन खाली टाकली. "पान्याच्या बाटल्या बघ किती रिकाम्या केल्यात! काढ माप!"

कल्पिताने सासूकडे पाहिलं.

"दे गो," नीराबाई म्हणाली. "शब्द हाय तुझा."

कल्पिताने शेवटचं माप काढलं. डब्याचा तळ किनाऱ्यापेक्षाही लख्ख दिसत होता!