मिक्सर बंद, लिनक्स चालू

आमच्या गल्लीत मिक्सर लावायचा तर बब्रुवानतात्यांना विचारावं लागतं. अख्ख्या नांदूरघाटात असला कायदा दुसरीकडे कुठे नाही. पण आम्ही पडलो तात्यांचे भिंतीला भिंत लावून शेजारी. मी शेंगदाण्याचं कूट करायला बटण दाबलं रे दाबलं, की पलीकडून थाप पडते. "अगं ए सूनबाई, दम धर की! डबा लिहितोय!"

डबा म्हणजे तात्यांच्या कोनाड्यातली काळी पेटी. तात्या जुने फोटोवाले. आसपासच्या गावांतली लग्नं त्यांनीच शूट केली, आणि ती सगळी या पेटीतल्या दोन डिस्कवर साठवलेली. वायफायवरून ती टीव्हीवर बघता येतात. दुपारी जेवण झालं की तात्या कुणाचं तरी जुनं लग्न लावून बसतात, तेही एवढ्या आवाजात की मंगलाष्टकं आमच्या स्वयंपाकघरात. तात्यांची बायको, आमच्या सुमनकाकू, जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे गल्लीतले लोक म्हणायचे, "तात्याला परत बोहल्यावर चढायचंय." तात्या ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मिक्सरनं विजेचा दाब पडतो आणि डब्याला त्रास होतो, असं त्यांचं ठाम मत. "यंत्राला सासुरवास करू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. उन्हाळ्यात घरातला एकुलता एक पंखा डब्याकडे, आणि तात्या आपले उपरण्यानं वारा घेत बसलेले.

एवढं करूनही डबा रुसलाच. जुना झाला म्हणून कंपनीनं त्याच्याकडे बघायचं सोडलं. ना टीव्हीवर दिसेना, ना फोनवर. बीडचा दुकानदार म्हणाला, फेकून द्या, नवा घ्या. तात्या कडाडले, "म्हातारं झालं म्हणून फेकायचं व्हय बे? उद्या मला फेकशील!" आणि ठरवूनच आले, की कंपनीनं घातलेली सिस्टिम काढून डब्यात दुसरी, फुकट मिळणारी लिनक्स नावाची सिस्टिम बसवायची. डब्याला स्क्रीन नाही, म्हणून लॅपटॉपला जोडायची एक खास वायर लागते. ती मांजरसुंब्याहून जीपवाल्याच्या हाती मागवली.

माझा मात्र जीव टांगणीला. माझं लग्न त्या डब्यात होतं. माझे अण्णा लग्नानंतर काही महिन्यांतच गेले. आमची सीडी कधीच खराब झालेली, त्यामुळे त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

"तात्या, माझे अण्णा हायेत त्याच्यात."

"ठावं हाय गं. म्हणून तर म्हणतो, मिक्सर बंद कर."

तात्यांनी सगळी लग्नं एका डिस्कवर गोळा केली. दुसरी पुसून तिच्यावर लिनक्स चढवायचं होतं. दोन्ही डिस्क सारख्याच, जुळ्या बहिणी. घोटाळा नको म्हणून त्यांनी लग्नांच्या डिस्कला हळदीचं बोट लावलं, पुसायच्या डिस्कला कुंकवाचं. दोघी पाटावर ठेवल्या आणि शेजारची पाण्याची मोटर बंद करून घ्यायला बाहेर गेले.

आले, पाटावरची कुंकवाची डिस्क उचलली, डब्यात सारली. लॅपटॉपवर प्रश्न आला: सगळं पुसू का? तात्यांनी ऐटीत होकार दिला. भराभरा ओळी पळायला लागल्या.

तेवढ्यात मघापासून पाटाशीच बसलेल्या माझ्या सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "मी दोघींलाबी नीट लावलं बरं का. एकीला नुसती हळद, एकीला नुसतं कुकू. आसं असतंय व्हय कुठं? अपशकुन हाय तो!"

तात्यांनी पाटावरच्या डिस्ककडे बघितलं. हळदही होती, कुंकूही होतं.

देवा रे! तात्या तर पांढरेफटक पडले. जे पुसलं ते पुसलं, आता थांबवून उपयोग नव्हता. पाटावरची डिस्क लॅपटॉपला लावून बघायची, एवढंच हातात होतं. ते घाईघाईत वायर उलटीच घुसवायला लागले. शेवटी मीच लावली.

आणि पडद्यावर माझे अण्णा आले. नवा फेटा, डोळे लाल. "माझी पोर लई बोलती. सांभाळून घ्या तिला." मी तोंडाला पदर लावून रडायलाच लागले.

तेवढ्यात कॅमेऱ्यामागून एका बाईचा आवाज आला. "दादा, जरा इकडं उजेडात या की. अन् रडू नका, समदं व्हिडिओत दिसतंय."

सुमनकाकू! प्रत्येक लग्नात तात्यांच्या शेजारी दिवा धरून उभ्या असायच्या त्या. मी तात्यांकडे बघितलं. तेच शब्द ते ओठातल्या ओठात म्हणत होते. त्यांना सगळं पाठ होतं.

"सगळ्या गावाचे फोटू काढले," ते हळूच म्हणाले, "हिचा एक धड न्हाई. हिला म्होरं उभी केली असती, तर उजेड कुणी धरला असता?"

मी त्यांच्या पाया पडले. माझे अण्णा ज्यानं इतकी वर्षं जपले, त्याचे पाय धरायचे नाहीत तर कुणाचे? तात्या डोळे पुसत खेकसले, "पाया मागून पड. आधी मोटर बंदच हाय का बघ, अजून लिनक्स बसायचंय!"

बसलं. डबा आता झकास चालतो, आणि सासूबाई दर शुक्रवारी त्याला हळद-कुंकू दोन्ही लावतात. दुपारी भिंतीपलीकडे लग्न सुरू झालं की मी आपणहून मिक्सर बंद करते आणि कूट खलबत्त्यात करते, तेही हळू हळू. पलीकडे काकू कुठल्यातरी नवरीला मान वर कर म्हणून सांगत असतात, आणि तात्यांना ते नीट ऐकू यायला पाहिजे.