बिननमुन्याचं स्पंदन

विज्ञानाची प्रगती व्हायची तर शोध आधी जाहीर करावा. तो लावायचं काम सवडीने होतं. याच तत्त्वावर त्या संशोधन संस्थेची भरभराट चालली होती.

अतिथंड केल्यावर काही पदार्थ वीज विनाअडथळा वाहू देतात. त्या अतिवाहकांत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या एका तालात डोलतात. या सामूहिक स्पंदनामागे क्वांटम भूमिती आहे, असं संस्थेने ठरवलं होतं. (त्या वर्षी तीच फॅशन होती. वाहनतळाच्या दुरुस्तीचा प्रस्तावही त्याच नावाखाली मंजूर झाला.) मोजमापं घ्यायला पीएच.डी. रखडलेली एक मुलगी होती. प्रश्न विचारायच्या खोडीमुळे तिला सगळे शंकाबाई म्हणत.

आलेखावर स्पंदनाचा उंचवटा दिसताच संचालकांनी पत्रकारांना बोलावणं धाडलं. शंकाबाईने खात्री म्हणून अतिवाहकाचा नमुना काढून यंत्र रिकामंच चालवलं. उंचवटा जागच्या जागी! मग तिने व्हॅक्यूम पंप बंद केला. उंचवटा गायब.

भर बैठकीत ती उभी राहिली. "सर, आत नमुना नसतानाही स्पंदन दिसतंय. पंपाचा हादरा आहे तो."

संचालकांनी चष्मा पुसला. "म्हणजे पदार्थाचीसुद्धा गरज नाही? अगं, मग ही शुद्ध भूमितीच झाली की!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सभागृहातला विरोध शून्यावर गेला, तोही खोलीच्या तापमानाला. (विजेच्या बाबतीत हे अजून कुठल्याच पदार्थाला जमलेलं नाही.)

नंतर संचालकांनी तिला बाजूला घेतलं. "शोधनिबंधावर सही कर. वर्षअखेर डॉक्टर होशील."

तिने आईला फोन लावला.

"एवढी मोठी माणसं म्हणतायत तर असेल काहीतरी," आई म्हणाली. "कर ना बाई सही."

"आई, तो पंप आहे गं!"

तिने सही केली नाही. निबंधातून तिचं नाव गेलं आणि तिची बदली पंपाच्या देखभालीवर झाली. (पंप बंद करायला सक्त मनाई.) पुढे आणखी चार प्रयोगशाळांनी शोधाला दुजोरा दिला. त्यांच्याकडेही त्याच बनावटीचे पंप आहेत, हे तिने कळवलं. चौघांनीही आभार मानले.

संस्थेला आता तज्ज्ञ समितीसाठी सदस्य हवे आहेत. पात्रता एकच: उमेदवाराने ही हकीकत, क्वांटम भूमिती म्हणजे नेमकं काय हे एकदाही न विचारता, इथवर वाचलेली असावी. अभिनंदन. सोमवारी रुजू व्हा.