भोईर मॅडम ओळख दाखवत नाहीत

भोईर मॅडम रस्त्यात कुणालाही ओळख दाखवत नाहीत. समोरून तुम्ही येताय, तुमच्या पिशवीतली मेथी त्यांच्या साडीला घासून गेली, तरी बाईंची नजर सरळ. तुम्ही आधी हसलात तर मात्र त्या थांबतील, छान हसतील, मेथी कुठे मिळाली तेही विचारतील. पण पहिलं हसू तुमचं हवं.

मला हे सुरुवातीलाच भोवलं. मी दातांचा डॉक्टर. कल्याण पश्चिमेला माझा दवाखाना आहे. शेजारी शेजारी दोन खोल्या आणि बाहेर पेशंटना बसायला जागा. त्यातली एक खोली रिकामीच पडलेली, ती मी मॅडमना भाड्याने दिली. त्या समुपदेशक. बोलणी झाली, चहा झाला, आणि दोन दिवसांनी भाजीबाजारात मी समोर उभा राहिलो, तर बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि वांगी निवडायला घेतली. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, भाडेकरू जरा ताठ दिसतायत.

खुलासा पुढे कधीतरी झाला. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे येणाऱ्या माणसाला मी रस्त्यात हाक मारली, तर बरोबरची बायको विचारणार, ह्या कोण? म्हणून मी आधी बोलत नाही. त्याला वाटलं तर तो बोलेल."

मी म्हटलं, "पण मी कुठे तुमच्याकडे येतो?"

"तुमच्याशी बोलले आणि तुमच्या मागच्याशी नाही बोलले, की तो माझ्याकडे येतो हे अख्ख्या बाजाराला कळलं. त्यापेक्षा कोणाशीच नको."

मी या बोलण्यात कुठे कीड सापडते का ते बराच वेळ शोधलं. दातात सापडते, इथे सापडली नाही.

मॅडम मूळच्या माजिवड्याच्या. घरची पूर्वी शेती आणि मिठागरं. आता त्या जमिनीवर टॉवर उभे आहेत आणि भाऊ आसपासच मोठाली घरं बांधून राहतात. मॅडम डोंबिवलीत एकट्या. थोरले भाऊ एकदा माझ्याकडे दाढ काढायला आलेले. इंजेक्शन दिल्यावर जबडा बधिर व्हायची वाट बघत असताना त्यांनी बहिणीची तक्रार केली. "डॉक्टर, आमचे तायला काय बी इचारा, ती परत आपल्यालाच इचारते, तुला काय वाटतां? अरे, मला वाटत असतां तं तुला कशाला इचारलां असतां?"

तक्रार खरी होती. सल्ला द्यायचा नाही, हे मॅडमचं व्रत. आपल्याकडे वॉचमनपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे फुकट सल्ला देतात, आणि ह्या बाई त्यासाठी खोली भाड्याने घेऊन बसलेल्या आणि देत मात्र नव्हत्या. एक आजी बाहेर आल्या त्या थेट माझ्या खोलीत शिरल्या. म्हणाल्या, शेजारच्या बाई काही सांगतच नाहीत हो, नुसतं "बरं, आणि?" करतात, आता सुनेशी कसं वागायचं ते तुम्ही तरी सांगा. मी चांगला सविस्तर सल्ला दिला. पुढच्या आठवड्यात आजी परत आल्या, त्या मॅडमकडे. माझ्याकडे बघितलंही नाही.

त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या, दोन्ही सारख्या उंचीच्या. त्यासाठी एका खुर्चीचे पाय सुताराकडून कापून घेतलेले. रुमालांचा डबा कोपऱ्यातल्या स्टुलावर, बसणाऱ्याचा हात पोचेल असा, पण मॅडम तो कधी पुढे करत नाहीत. मला हे निर्दयपणाचं वाटलेलं. त्यांचं म्हणणं, रडणाऱ्याच्या हातात रुमाल कोंबला की त्याला ऐकू येतं, आता पुरे. त्याला हवा तेव्हा तो घेईल.

आमच्यामधली भिंत म्हणजे नुसतं प्लायवूड. माझ्या मशीनच्या आवाजाचा त्यांना त्रास होईल म्हणून मी आधीच माफी मागून ठेवलेली, तर त्या म्हणाल्या, उलट बरं आहे, बाहेर बसलेल्यांना आतलं ऐकू जात नाही. पुढे पुढे तर आत कुणाचा आवाज चढला की त्या भिंतीवर हलकेच टकटक करायच्या आणि मी मशीन सुरू करायचो. खुर्चीत पेशंट नसला तरीही. बाहेर बसलेल्यांना वाटायचं, डॉक्टर काय राबतो. मी रिकाम्या खुर्चीशेजारी उभा राहून हवेत छिद्रं पाडत असायचो.

माझंही वळण त्यांनी बदललं. मी लहान मुलांना सांगायचो, काही दुखणार नाही बाळा. भिंतीपलीकडून ते त्यांच्या कानावर पडायचं. एकदा म्हणाल्या, दुखणार असेल तर दुखेल म्हणा, नाहीतर पुढच्या वेळी तुमचं कोण ऐकेल? मी म्हणायला लागलो. मुलं रडली तेवढीच, पण परत यायला लागली.

आता साने काकांची गोष्ट. काका आमच्या बिल्डिंगच्या कमिटीत आहेत, वर तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांची कॉलेजला जाणारी मुलगी स्वतःहून मॅडमकडे यायला लागलेली. घरी कळलं तेव्हा काका तरातरा खाली आले आणि पेशंटसमोरच मॅडमना विचारलं, माझी मुलगी तुमच्याशी काय बोलते?

मॅडम म्हणाल्या, ते तिलाच विचारा.

"ती सांगत नाही."

"मग काही न विचारता तिच्याजवळ थोडं बसून बघा."

काकांना हा अपमान वाटला. त्यांनी बिल्डिंगभर सांगितलं की ही बाई पोरींना आईबापांविरुद्ध फितवते. नावाला डाग लागायला आपल्याकडे किती वेळ लागतो? बाहेरची बसायची जागा रिकामी दिसायला लागली. आजीही यायच्या थांबल्या. शेवटी कमिटीने मीटिंग लावली आणि मॅडमना बोलावलं. घरमालक म्हणून मलाही.

आदल्या दिवशी मी त्यांना बरंच समजावलं. मुलगी घरच्यांबद्दल वाईट बोलत नाही, एवढं एक वाक्य बोला, विषय मिटेल. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "आज चांगलं सांगितलं, तर उद्या दुसरीबद्दल मी गप्प बसले की लोक समजतील, वाईट असणार. आणि स्वतःला वाचवायला तिचं बोलणं वापरायचं, डॉक्टर? ते माझं नाहीच आहे."

मीटिंगमध्ये त्या उभ्या राहिल्या. माझ्याकडे कोण येतं, काय बोलतं, हे मी सांगणार नाही, त्यासाठी खोली सोडावी लागली तर सोडेन, एवढं बोलून खाली बसल्या. काय ठरवावं ते कुणालाच कळेना. पुढच्या मीटिंगला बघू, असं म्हणून सगळे सामोसे खायला उठले.

त्यानंतर काही दिवसांनी काका माझ्याकडे आले. दात दुखतोय म्हणाले. मी बघितलं, काही नव्हतं. पुन्हा आले, आता म्हणे डावीकडचा. तोही ठणठणीत. पुन्हा आले तेव्हा तोंड उघडायच्या आधीच त्यांचे डोळे भरलेले होते. मी म्हटलं, "काका, दुखणं दाताचं नाही वाटत. पलीकडे एकदा दाखवून बघता का?"

ते बाहेर जाऊन खुर्चीत बसून राहिले. मॅडमनी आपलं दार उघडलं, त्यांना बघितलं. या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. दार तसंच उघडं ठेवून आत जाऊन बसल्या. बऱ्याच वेळाने काका उठले आणि आत गेले. थोड्या वेळात भिंतीवर टकटक झाली. मी मशीन लावलं.

आत काय झालं ते मला आजही ठाऊक नाही. पुढची मीटिंग झालीच नाही. हळूहळू माणसं परत यायला लागली. आजीसुद्धा.

मला तेव्हा एक प्रश्न पडलेला, की ही बाई एवढं सगळं ऐकून नेते कुठे? विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, तुम्हाला काय वाटतं?

मग एका शनिवारी त्या माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, एक काम होतं, नाही म्हणालात तरी चालेल. इतक्या वर्षांत त्यांनी मागितलेलं पहिलं काम. जवळच मोहने गावात त्यांचे सर राहतात. कवळी सैल झालीय. बोलताना निसटते म्हणून लाजून त्यांनी बोलणंच सोडलंय. घराबाहेर नेलं की घाबरतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षाने मोहन्याला गेलो. वाटेत कळलं की सर पूर्वी कारखान्यात कामगारांची गाऱ्हाणी ऐकायचं काम करत, नंतर समुपदेशन शिकवायला लागले. मॅडम त्यांच्या विद्यार्थिनी. पुढेही कितीतरी वर्षं, एखादं ओझं फार झालं की त्या सरांकडे जायच्या. आता सरांना काही आठवत नाही.

दार सरांच्या पत्नीने, काकूंनी उघडलं. सर खिडकीशी बसलेले, इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. मी कवळी काढली, टोचणाऱ्या कडा घासल्या, आतून मऊ अस्तर देऊन परत बसवली. सरांनी जीभ फिरवून बघितली. मग माझ्यावरची नजर काढून मॅडमकडे वळले आणि समोरच्या खुर्चीकडे हात केला.

"बसा," ते म्हणाले. शब्द स्वच्छ आला. "पहिल्यांदाच येताय ना?"

"हो सर," मॅडम म्हणाल्या, "पहिल्यांदाच."

"काय नाव?"

मॅडमनी नाव सांगितलं. पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले आणि बोलायला लागल्या. काल कपाट आवरताना आईची लुगडी निघाली, कुणाला द्यावीत कळेना, म्हणून तशीच घेऊन बसले, असं काहीतरी. तेवढ्यात काकूंनी माझ्या दंडाला हात लावला आणि मला बाहेर ओट्यावर नेऊन दार लोटून घेतलं.

काकूंनी चहा दिला. म्हणाल्या, "दर रविवारी पहिल्यांदाच येते. मध्ये ह्यांनी बोलणं सोडलं तरी यायची. नुसती बसून जायची."

मी विचारलं, सरांना काही कळतं का?

"लक्षात राहत नाही," काकू म्हणाल्या, "पण ऐकतात हो. ते काही गेलं नाही त्यांचं."

आम्ही बराच वेळ ओट्यावर बसलो. आतून मॅडमचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्येच तो थांबला. काकू चहाच्या कपाकडे बघत बसल्या. मग पुन्हा सुरू झाला.

दार उघडलं तेव्हा मॅडमचे डोळे लाल होते. सर त्यांना पोचवायला काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आले.

"या पुन्हा," ते म्हणाले. "तुम्हाला बोलायची सवय दिसत नाही. होईल हळूहळू."