फुडचं सकाळी

आमच्या भवानीनगरच्या वाचनालयात एखादं पुस्तक हातात घेतलं आणि त्याच्या शेवटच्या पानांना पिवळं रबर गुंडाळलेलं दिसलं, की समजायचं, हे तात्यांनी वाचलेलं आहे. वाचलेलं म्हणजे रबरापर्यंत. त्यापुढं तात्या जात नाहीत. ग्रंथपालांनी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, "फुडचं सकाळी." ती सकाळ काही उजाडली नाही.

तात्या म्हणजे माझे शेजारी. साखर कारखान्यात बॉयलरवर जन्म गेला, आता निवृत्त होऊन दोन खोल्यांत एकटेच राहतात. भिंतीच्या अलीकडं मी, शाळामास्तर. संध्याकाळी ओट्यावर आमची बैठक असते. बाकीची माणसं भेटली की उसाला तोड आली का विचारतात. तात्यांचा पहिला प्रश्न, "काय गुरुजी, हल्ली काय वाचलं, काय बघितलं?" मग कादंबऱ्या, संगीत नाटकं, टीव्हीवरचे विनोदी कार्यक्रम, सगळं निघतं. गोष्ट सांगावी तर तात्यांनीच. नकला करतात, पदं म्हणतात. आवाज बेसूर, पण दणदणीत. आणि ऐन रंगात आले की धोतर झटकून उठतात. "फुडचं सकाळी." सकाळी विचारावं, तर म्हणतात, "मला तरी कुठं म्हाईत हाय?" अस्सा राग येतो, की सांगता सोय नाही.

टीव्हीचंही तेच. परवा त्यांच्याकडं एक विनोदी कार्यक्रम बघत होतो. सासरा पलंगाखाली लपलेला, जावई दारात, मी हसायच्या तयारीत, आणि तात्यांनी टीव्ही बंद केला. तो सासरा माझ्या लेखी अजून पलंगाखालीच आहे.

जुन्या नाटकांचे शेवट मात्र त्यांना पाठ आहेत. पण ते शेवट असे, की लिहिणाऱ्याला घाम फुटावा. एकदा त्यांनी राजेरजवाड्यांचं एक नाटक सांगितलं. शेवटी राजा, रुसलेली राणी आणि फितूर सरदार पाटावर बसून चहा पितात.

"राजा चहा पितो?" मी म्हणालो.

"पितो की. आल्याचा."

ते नाटक मी पाहिलं आहे. त्यात शेवटी पडदा ओढायलासुद्धा कुणी जिवंत उरत नाही. मी घरी येऊन पोट धरून हसलो. म्हातारपणी असं होत असेल, म्हणून पुढं काही बोललो नाही.

मागच्या थंडीत बारामतीला एक नवं संगीत नाटक आलं. रविवारी दुपारचा प्रयोग होता. तात्यांना मोटारसायकलवर मागं बसवलं आणि उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत नेलं. नवरा परमुलखात गेलेला आणि त्याची वाट बघणारी एक गाणारी बाई, अशी गोष्ट. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच तिनं भैरवी घेतली आणि तात्या उठले. भजनात बसून केस पांढरे झालेला माणूस. भैरवी लागली म्हणजे आवरायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

मी सदरा धरला. "तात्या, अजून अर्धं नाटक आहे."

"आसू द्या. तुमी बघा. मी भाईर बसतो."

नाटक सुटल्यावर बघतो, तर माझ्या मोटारसायकलजवळ उभे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासतोय तोवर तात्या दारात. हातात चहाचे दोन कप.

"सांगा गुरुजी. फुडं काय झालं?"

शेवट त्यांनी मला कधीच विचारला नव्हता. त्या नाटकात नवरा येतो, पण उशिरा. तोवर ती गेलेली असते. तात्यांच्या तोंडाकडं बघून हे सांगवेना. म्हणालो, "आला तो. वेळेत आला."

तात्या ओट्यावर टेकले. "बाई मेली न्हवं?"

मी त्यांच्या हातातला एक कप घेतला.

"आमची पारूबी आसंच सांगायची," ते म्हणाले. पारू म्हणजे त्यांची बायको. मी इथं राहायला यायच्या आधीच ती वारली. "टीव्हीवर नाटक लागायचं, आन् निम्म्यात कारखान्याचा भोंगा व्हायचा. माझी रातपाळी. ती म्हणायची, जावा तुमी, फुडचं सकाळी सांगते. मंग सकाळी च्या ठेवायची आन् सांगायची. तिच्या सांगण्यात कुणी मरायचंच न्हाय. समदी शेवटाला च्या प्यायची. कारखान्यात लोकं खरा शेवट काय ते बोलायचीच की. पर मी घरी कधी म्हणलो न्हाय."

त्या राजाच्या चहाला मी पोट धरून हसलो होतो.

"दवाखान्यातबी त्येच म्हणली. बारामतीला होती. हंगाम चालू, पाळी सोडता येईना. म्हणली, जावा, भोंगा व्हईल. फुडचं सकाळी सांगते." तात्यांनी कप खाली ठेवला. "सकाळी गेलो. सांगायला कोण न्हवतं."

समोरून उसाची एक बैलगाडी चालली होती. ती वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघं तिच्याकडंच बघत बसलो.

मग तात्यांनीच विचारलं, "त्यो नवरा आला म्हंता?"

"आला."

"फुडं?"

"पुढं काय, तिनं चहाचं आधण ठेवलं."

"आलं टाकलं का?"

"टाकलं, तात्या."

"मंग बरोबर हाय," तात्या म्हणाले आणि त्यांनी कप उचलला.