डायनाबाईंची वंशावळ

"आणि ह्यात डायनाबाई कुठायत?" अरुणानं वंशावळीच्या कागदाशेजारी चहाचा कप ठेवता ठेवता नवऱ्याला विचारलं आणि पद्माकर कागदावर वाकला.

डायनाबाई म्हणजे सिंगापूरच्या तांजोंग पगार भागातल्या ऑफिसातल्या त्याच्या अमेरिकन साहेबीण. आज त्यांची साठी. आपले मूळपुरुष व्हिटलॉक चारशे वर्षांपूर्वी जहाजातून अमेरिकेला उतरले, हे त्या दर मीटिंगला सांगायच्या. पद्माकरकडे कायम राहायचा पीआर नव्हता, नुसता दोन वर्षांचा नोकरीचा पास, तोही संपत आलेला. पुढच्या फॉर्मवर सही बाईंची. म्हणून वाढदिवसाला त्यांची वंशावळ करून द्यायचं काम ह्या गृहस्थानं आपणहून अंगावर घेतलं. चार महिने इंटरनेटवर चर्चची जुनी दप्तरं उपसली आणि सहा फुटी कागद छापून आणला!

"असतील गं खाली," म्हणत त्यानं तेरा पिढ्यांवरून बोट फिरवलं. ओहायोतला ट्रॅक्टरवाला सापडला. बाई नाहीत.

"ही मार्था कोण? 'विवाह १९०२' आणि पुढे सगळं कोरं?"

"मुलगी दिली की तिची शाखा संपली. आपल्या कुलवृत्तांतात असंच तर..." पद्माकरनं आपली टिपणं उलटली. "अगं, ही बाईंची पणजी!"

"धन्य आहे! जिची साठी, तिलाच वगळलंत!"

नवीन छापायला वेळ नव्हता. सहकारी प्रबोधनं साडेदहाला सगळं ऑफिस बोलावून ठेवलं होतं. एमआरटी मेट्रोच्या गार डब्यातही पद्माकरला घाम फुटला.

कागद उलगडला. बाईंनी चष्मा लावला. बोट वरून खाली आलं, मार्थापाशी थांबलं.

"मी कुठे आहे?"

पद्माकरनं खरं ते सांगून टाकलं. आता गाशा गुंडाळायचाच, तर खोटं कशाला?

बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मार्थाच्या बापानंही तिला मृत्युपत्रातून असंच वगळलं होतं. मला ह्यातल्या सगळ्या मुली हव्यात. त्यांची मुलं, नातवंडं, सगळी. किती वेळ लागेल?"

"तेरा पिढ्यांच्या मुली... दोन वर्षं तरी लागतील."

"मग तो पासचा फॉर्म आणा."

पद्माकर पेढे घेऊनच घरी आला. पाहतो तर टेबलावर त्याच्याच घराण्याचा जाडजूड कुलवृत्तांत उघडा. शेजारी कोरी वही.

"अमेरिकेच्या मुली सापडतील तेव्हा सापडतील," अरुणा शांतपणे म्हणाली, "ह्यातल्या सगळ्या आत्या, बहिणी, लेकी कधी शोधताय?"

लेक गार्गीनं आठशे पानं चाळली, पेढा तोंडात टाकला आणि आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली,

"पप्पा, पास नॉट इनफ लाह. ह्याला पीआरच लागणार!"