एर्मेस तोर्तेल्लीनी शिकतात

"तोर्तेल्लीनी? अहो, त्यात काय एवढं! डोळे मिटून करतो मी!"

एर्मेस वाक्कारी हे बोलले आणि फसले. बोलायची काही गरज होती का? मुळीच नव्हती! रविवारची दुपार, इटलीतल्या मोदेनाच्या नाचाच्या हॉलमध्ये अकॉर्डियन रंगात आलेला, नोर्माबाईंचा हात हातात, गिरक्या एकेक बिनचूक पडताहेत. एकसष्ट वर्षांच्या निवृत्त तिकीट तपासनिसाला आणखी काय हवं? पण नाही! माणसाला सुख बोचायला लागलं की आधी त्याची जीभ वळवळते.

निमित्त झालं नोर्माबाईंच्या एका सुस्काऱ्याचं. नोर्माबाईंचं सुया, दोरे आणि बटणांचं दुकान आहे, नवरा जाऊन चार वर्षं झाली. गिरकी घेता घेता त्या नुसतं म्हणाल्या, "घरी केलेल्या तोर्तेल्लीनी खाऊन किती दिवस झाले हो! दुकानातल्या खाल्ल्या की पोट भरतं, मन भरत नाही."

"मग आमच्याकडे या की!" एर्मेस म्हणाले. "कणीक मी मळतो, लाटतो मी, सारणही मीच भरतो. आमची आई तर म्हणायची, एर्मेस, तूच लाट बाबा, तुझ्याइतकी पातळ मला जमत नाही!"

आई असं जन्मात म्हणाली नव्हती. आई म्हणायची, "एर्मेस, स्वयंपाकघरातून आधी बाहेर हो."

नोर्माबाई ऐन नाचात थांबल्या. मागचं जोडपं येऊन त्यांच्यावर आदळलं, तरी त्या हलल्या नाहीत.

"एक सांगू?" त्या म्हणाल्या. "आमचे हे, देव त्यांना सुखात ठेवो, तीस वर्षं नुसत्या थापा मारत होते. नदीवर मासे धरायला जातो म्हणायचे आणि बाजारातून मासे घेऊन यायचे. एकदा तर साफ करून, काटे काढून, वर लिंबाची फोड ठेवलेला आणला! म्हणे गळालाच असा लागला! आता मला पैसेवाला नको, देखणा नको. फक्त खोटं बोलणारा नको. येते मी पुढच्या रविवारी, दुपारी एकला."

झालं! एर्मेस घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. या खोलीत त्यांना कॉफी करता येत होती. अंडं उकडता येत होतं, पण ते दरवेळी फुटायचं. आई जाऊन दोन वर्षं होत आली होती. तिनं फ्रीजरमध्ये करून ठेवलेल्या तोर्तेल्लीनींची शेवटची पिशवी त्यांनी नाताळात उघडली होती आणि एकट्यानं बसून, रडत रडत संपवली होती. आईची आठवण फार येत होती, आणि तिला एकदाही 'मला शिकव' म्हटलं नाही याची लाज त्याहून जास्त वाटत होती.

मग करायचं काय? दुकानातून आणाव्यात? मग त्या लिंबाच्या फोडीवाल्यात आणि आपल्यात फरक काय राहिला! शेजारणीला विचारावं? मोदेनात शेजारणीला विचारणं आणि चर्चची घंटा बडवणं सारखंच. संध्याकाळपर्यंत बटणांच्या दुकानात बातमी! नाही, नोर्मा हवी असेल तर रविवारच्या आत शिकायला हवं, खरंखुरं शिकायला हवं, आणि तेही जिथं आपल्याला कुत्रं ओळखत नाही अशा ठिकाणी.

असं ठिकाण एकच होतं. बोलोन्या.

आता हे जरा समजून घ्या. मोदेनाच्या माणसानं तोर्तेल्लीनी शिकायला बोलोन्याला जाणं म्हणजे कोल्हापूरकरानं पांढरा रस्सा शिकायला गुपचूप पुण्याला जाणं. दोन्ही गावं म्हणतात, मांसाचं सारण भरून बोटावर वळलेल्या, रश्श्यात सोडायच्या या इवल्याशा तोर्तेल्लीनी आमच्याच! शेकडो वर्षं वाद चाललाय, मिटायचं नाव नाही. पण बुडत्याला काडीचा आधार. एर्मेसना मोबाइलवर एक जाहिरात सापडली, 'अस्सल बोलोन्याच्या घरात, अस्सल गृहिणीकडून पारंपरिक पदार्थ शिका. फक्त परदेशी पाहुण्यांसाठी.'

अर्जात देशाचं नाव भरायचं होतं. एर्मेसनी डोकं खाजवलं. फिनलंडची माणसं फारशी बोलत नाहीत, असं कुठंतरी ऐकलं होतं. ठोकलं फिनलंड!

बुधवारी सकाळी दहाला ते ओरिएल्लाबाईंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात उभे होते. ओरिएल्लाबाई म्हणजे पन्नाशीची, खणखणीत आवाजाची, हात सतत हवेत असलेली बाई. शेगडीजवळच्या खुर्चीत तिची चौऱ्याऐंशी वर्षांची आत्या, आर्जिया. आत्याचे पाय थकले होते, पण जिभेला कसलाही त्रास नव्हता. आणि शिकायला दुसरं कोण? हॉलंडचं एक जोडपं, दोघंही ताडासारखे उंच आणि दोघंही प्रत्येक गोष्टीवर खूश.

"वेलकम, फिनलंड!" ओरिएल्लाबाई ओरडल्या.

"ओके," एर्मेस म्हणाले. त्यांना इंग्रजीतले दोन शब्द येत होते. दुसरा होता थँक्यू.

शिकवणं चाललं होतं मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत. पण मध्येच ओरिएल्लाबाई आत्याकडे वळायच्या आणि आपल्या भाषेत मोकळ्या व्हायच्या. समोरच्यांना कुठं काय कळतंय! आणि इथंच एर्मेसचे हाल सुरू झाले.

"आत्या, हा नाकवाला बघितलास का?" ओरिएल्लाबाई गोड हसत म्हणाल्या. "लाटणं कसं धरलंय! कुणाचं डोकं फोडायला निघालाय जणू!"

"पीठ मळतोय की मांजर बुडवतोय?" आत्या म्हणाली.

"थँक्यू," एर्मेस म्हणाले.

"बघ, थँक्यू म्हणतोय बिचारा! जरा अर्धवटच दिसतोय."

एर्मेसनी दात दाखवले. लाटण्याखाली त्यांची कणीक एका बाजूला कागद आणि दुसऱ्या बाजूला चपलेचा तळ झाली होती. तिकडे हॉलंडवाल्याची अख्खी टेबलभर पसरलेली, इतकी पातळ की खालच्या लाकडाच्या रेषा दिसत होत्या! हॉलंडवाल्याची!

"याला याच्या आईनं काही म्हणजे काही शिकवलं नाही ग," आत्या मान हलवत म्हणाली.

हे मात्र लागलं. एर्मेसचे डोळे भरून आले. ओरिएल्लाबाईंना वाटलं, पीठ डोळ्यात गेलं. त्यांनी ओला फडका आणून एर्मेसचं तोंड खसाखसा पुसलं.

त्यानंतर सारण झालं. मांस, हॅम, चीज, जायफळ. ते परतून वाटता वाटता ओरिएल्लाबाई पाहुण्यांना गोष्टी सांगायला लागल्या. "इथून जवळ मोदेना नावाचं एक गाव आहे. तेही म्हणतात तोर्तेल्लीनी आमच्या! त्यांच्या एवढाल्या असतात," त्यांनी दोन मुठी एकत्र धरल्या, "एक खाल्ली की दुपारी झोपायचं!"

हॉलंडवाले खो खो हसले. सगळ्यांनी एर्मेसकडे बघितलं. एर्मेसही हसले. आईची क्षमा मागत मागत हसले.

इतकं सगळं त्यांनी गिळलं. नोर्मासाठी गिळलं! तीन तास काढले, आता शेवटचा अर्धा तास. रस्सा उकळत होता, सगळ्यांच्या मिळून शे-दीडशे तोर्तेल्लीनी टेबलावर मांडल्या होत्या. त्यांतल्या एर्मेसच्या ओळखायला सोप्या होत्या, कारण त्या उघड्या होत्या. आणि तेवढ्यात हॉलंडवाल्या बाईंनी अगदी प्रेमानं विचारलं, रश्श्याऐवजी क्रीम घातलं तर चालेल का?

एर्मेस गालातल्या गालात हसले. आता बघ बाई, मनात म्हणाले, तुला खिडकीतून खाली टाकतात की नाही!

पण ओरिएल्लाबाईंनी एक उसासा टाकला. पाहुणे नाराज झाले तर मोबाइलवर तारे कमी मिळतात. त्या उठल्या, फ्रीज उघडला, क्रीमचा डबा काढला, आणि रिकाम्या पातेल्यावर धरला...

"खाली ठेवा!"

आवाज एवढा मोठा होता की आत्याच्या हातातली जपमाळ पडली.

"खाली ठेवा तो डबा! लाज नाही वाटत? तोर्तेल्लीनीवर क्रीम? माझी आई सकाळी पाचला उठून कोंबडी शिजत घालायची, तीन तास फेस काढत बसायची, ते कशासाठी? अहो, मला अर्धवट म्हणा, माझ्या नाकाला काय म्हणायचं ते म्हणा, पण माझ्यासमोर हे चालायचं नाही! नाही म्हणजे नाही!"

सगळं अस्सल मोदेनाच्या बोलीत. तिथल्या बाजारात कोबी विकतात त्या हेलात!

ओरिएल्लाबाईंनी डबा खाली ठेवला.

"काय क्लास आहे हा!" हॉलंडवाला बायकोच्या कानात म्हणाला. "तीन तासांत माणूस भाषासुद्धा शिकला!"

आर्जिया आत्यानं काठी उचलली आणि एर्मेसच्या छातीवर टेकवली. "अरे मेल्या, तू कसला फिनलंडचा! तू तर मोदेनाचा! बोल, आमचं सारण चोरायला पाठवलंय का तुला?"

"नाही हो, आत्या!"

"मग फिनलंड कशाला सांगितलंस?"

एर्मेस मटकन खुर्चीत बसले आणि सगळं ओकून मोकळे झाले. नाचाचा हॉल, नोर्माबाई, लिंबाची फोड, आईची शेवटची पिशवी. ओरिएल्लाबाई ऐकता ऐकता लाल झाल्या. आपण सकाळपासून काय काय बोललो ते त्यांना एकेक आठवत होतं.

"अग बाई! आणि ते मांजराचं?"

"तेही कळलं."

"मांजराचं मी म्हटलं होतं," आत्या म्हणाली, "आणि ते मी मागे घेत नाही. पण आईचं बोलले ते चुकलं माझं. तिनं शिकवलं नसेल, पण चव लावली पोराला. क्रीम बघून ओरडला! ओरिएल्ला, तू नाही ओरडलीस!" आत्यानं बाह्या सरसावल्या. "यांना दे त्यांचं क्रीम आणि बसव बाहेर. आणि तू रे, इकडे ये. रविवार म्हणालास ना?"

त्यानंतर जे झालं त्याला शिकवणी म्हणावं की शिक्षा, कुणास ठाऊक. लाटणं जरा तिरकं गेलं की बोटावर काठी. सारण जास्त झालं की काठी. एर्मेस तर्जनीवर वळायला गेले, कारण आईच्या हाताचं तेवढं एक त्यांना आठवत होतं.

"करंगळी!" काठी बसली.

"आमच्यात तर्जनीवर..."

"तुमच्यात काय ते तुमच्या घरी! करंगळी!"

संध्याकाळी पाच वाजता एक तोर्तेल्लीनी नीट मिटली. आत्यानं ती उजेडात धरून बघितली आणि एर्मेसच्या गालाची पापी घेतली. हा माणूस परत जाताना गाडीत एकटाच हसत होता. त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातांचं कौतुक वाटत होतं!

गुरुवारचा घाणा कबुतरांनाही आवडला नाही. शुक्रवारी पीठ छताला चिकटलं. पण शनिवारी जमलं, आणि रविवारी पहाटे पाचला उठून एर्मेसनी कोंबडी शिजत घातली.

एकच्या ठोक्याला नोर्माबाई आल्या, निळा झगा, हातात वाइनची बाटली. बसल्या. एर्मेसनी वाढलं. नोर्माबाईंनी पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. एक वाटी संपली. दुसरी संपली. तिसऱ्या वाटीला त्यांनी विचारलं,

"खरंच तुम्ही केल्यात?"

हो म्हटलं की संपलं होतं! आणि ते खोटंही नव्हतं! पण एर्मेसनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांच्यानं राहवेना.

"मीच केल्यात. पण शिकलो बुधवारी. गेल्या रविवारी तुमच्याशी बोललो तेव्हा मला अंडंसुद्धा धड उकडता येत नव्हतं. आई मला स्वयंपाकघरातून हाकलायची. मी थाप मारली, नोर्माबाई. आणि शिकायलाही थाप मारूनच गेलो, फिनलंडचा म्हणून."

सगळं सांगितलं त्यांनी. मांजर, क्रीम, काठी, सगळं. नोर्माबाईंनी चमचा खाली ठेवला. एर्मेसचा जीव टांगणीला लागला. आता त्या उठणार, पर्स घेणार, आणि पुढच्या रविवारी हॉलमध्ये कुणा दुसऱ्याबरोबर नाचणार.

आणि नोर्माबाई हसायला लागल्या! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, टेबलावर हात आपटत हसल्या.

"तीस वर्षं!" त्या म्हणाल्या. "तीस वर्षांत त्या माणसानं एकदा कबूल केलं नाही हो! आणि तुम्ही रस्सा गार व्हायच्या आत!" त्यांनी एर्मेसचा हात धरला, सूज आलेल्या बोटांसकट. "एर्मेस, मला हेच हवं होतं. खरं बोलणारा माणूस."

एर्मेसना वाटलं, आई असती तर आज तिनंसुद्धा स्वयंपाकघरात येऊ दिलं असतं.

नोर्माबाईंनी डोळे पुसले, वाटीतली शेवटची तोर्तेल्लीनी चमच्यात घेतली, आणि तोंडाशी नेता नेता थांबल्या. चमचा नाकासमोर धरून निरखायला लागल्या.

"एवढुशी आहे हो ही. करंगळीवर वळलीय. एर्मेस... ही बाई राहते कुठं?"

सगळं सांगताना गावाचं नाव तेवढं राहून गेलं होतं.

"बोलोन्याला," एर्मेस म्हणाले.

नोर्माबाई ताडकन उठल्या आणि त्यांनी खिडकी लावली.

"बोलोन्याच्या! मी! माझी आई मोदेनाची, आजी मोदेनाची, पणजी मोदेनाची, आणि मी तीन वाट्या खाल्ल्या!"

"आवडल्या नाहीत का?"

"आवडल्या, हेच तर!" त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "चौथी वाढा. पण हे कुणाला कळता कामा नये. मी दुकान चालवते, मला याच गावात राहायचंय!"

एवढ्यात दारावरची घंटा वाजली. एर्मेसनी दार उघडलं. वरच्या मजल्यावरची शेजारीण नाक पुढं काढून उभी होती.

"अय्या, काय वास सुटलाय जिन्यात! काय केलंय हो?"

एर्मेसनी तोंड उघडलं. त्यांना आता खरं बोलायची चांगली सवय लागली होती.

"बोलो..."

"कोंबडी!" खरं बोलणारा माणूस हवा असलेल्या नोर्माबाई मागून म्हणाल्या. "भाजलेली. संपली." आणि त्यांनी दार लावून घेतलं.